यादीतला चेहरा

मुलाने पाकीट उघडले, आतले कूपन वाचले, आणि ते उभे-आडवे फाडून तुकडे आईच्या ताटाशेजारी ठेवले.

"तुझ्या कंपनीकडून आलंय," तो म्हणाला. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. आता त्यांच्याच दुकानात जाऊन काहीतरी फुकट घ्या म्हणे."

"माझी कंपनी कसली रे," आई म्हणाली. "मी तिथे पगारी माणूस."

"मग पगारी माणसानं सांगावं. माझं थोबाड चोर म्हणून त्या यंत्रात कुणी घातलं?"

आई पाणी आणायला उठली. तांब्या भरलेलाच होता. तरी तिने तो उचलला, मोरीत ओतला आणि नळाखाली धरला.

प्रकरण काही महिन्यांपूर्वीचे. मुलगा परगावी शिकून परत आला होता आणि एका बँकेत रोखपाल म्हणून नुकताच चिकटला होता. अजून कायम व्हायचा होता. एक सहकारी निवृत्त होत होते, त्यांच्यासाठी भिंतीवरचे घड्याळ घ्यायला साहेब आणि दोघेतिघे कर्मचारी मिळून शहरातल्या त्या मोठ्या दुकानात गेले. दारातून आत पाऊल टाकतो न टाकतो तोच गार्डच्या कमरेचा वॉकीटॉकी वाजला, आणि गार्डने त्याला कोपरापाशी धरले. मागच्या खोलीत खिसे उलटे करून झाले, बूट झाले, मोजे झाले. काहीच सापडले नाही, तेव्हा "यंत्राची चूक असेल" असे म्हणून सोडून दिले. घड्याळ दुसऱ्या दुकानातून आणले गेले. त्याला कायम करण्याचा कागद साहेबांनी "बघू" म्हणून खणात सारला. बँकेत तो टेबलाजवळून गेला की कुणी ना कुणी गमतीने आपली पर्स पोटाशी धरायचे आणि बाकीचे खो-खो हसायचे. नोटा मोजणाऱ्या माणसाची अशी थट्टा फार काळ थट्टा राहत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळले होते.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता तो अजून थंड झाला नव्हता. त्याने एक वकीलबाई शोधल्या. त्यांच्यामुळे कळले की त्या दुकानाच्या प्रत्येक दारावर कॅमेरा आहे, येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा तो मापतो, पूर्वी पकडलेल्या चोरांच्या यादीशी ताडून बघतो, आणि यातले अवाक्षरही दारावर कुठे लिहिलेले नाही. असेच अडवलेले आणखी काही जण निघाले. एक शाळेच्या बाई होत्या, एक हृदयाचे ऑपरेशन झालेले आजोबा होते. सगळ्यांनी मिळून ग्राहक न्यायालयात दावा ठोकला. पहिले नाव मुलाचे.

आणि आई त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पडद्यांच्या खोलीत बसत होती. दारावर चेहरा जुळला की घंटा आधी तिच्यासमोर वाजायची. त्या दिवशी नेमकी तिची सुट्टी होती.

सुट्टीवरून परतल्यावर तिने सगळ्यात आधी ती नोंद उघडली. कोणत्या मेल्याने हे केले ते एकदा बघतेच, अशा तावातच उघडली. डावीकडे दारातून आत येणारा तिचा मुलगा, नव्या मिशीचा. उजवीकडे यादीतला फोटो. तोही मिशीचा. कोट घातलेला, गळ्यातल्या हाराची कड दिसणारा, एका बाजूने कात्रीने कापलेला.

फोटो तिच्या नवऱ्याचा होता. लग्नातला. यादीत तिनेच घातलेला.

दुकानात हे यंत्र नवे आले तेव्हाची गोष्ट. शिकवायला आलेल्या माणसाने सांगितले होते की चेहरा यादीत घालणे अगदी सोपे आहे, फोटो टाकायचा, कारण निवडायचे, झाले. त्याच आठवड्यात तिने घरातून तो फोटो आणला. कारणाच्या जागी तिने "चोरी" निवडले. एका परीने ते खोटे नाही, असेच तिला तेव्हा वाटले होते. मुलगा भिंत धरून उभा राहायला लागला होता तेव्हा हा माणूस ऑफिसातल्या एका बाईबरोबर निघून गेला होता, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी गेला असता तरी तिने त्याला चोरच म्हटले असते. बाकी सगळे फोटो तिने जाळले. एवढा एक आपली बाजू कापून ठेवला. सुडाला डोळ्यांसमोर काहीतरी लागते.

तो याच शहरात असतो, एवढे कानावर होते. म्हणजे कधी ना कधी दुकानात येणार. घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून ती तो प्रसंग रोज घासूनपुसून लख्ख करायची. घंटा वाजते. गार्ड त्याला कोपरापाशी धरतो. ती बाई शेजारी उभी असते आणि तिच्या तोंडचे पाणी पळते. लोक वळून बघतात. तो म्हणतो, अहो, काहीतरी चूक होतेय, आणि कुणी ऐकत नाही. या सगळ्यात तो कायम पंचविशीचाच असायचा, भरघोस केसांचा, मिशीला पीळ दिलेला. ते तिला कधी खटकलेच नाही.

मुलाच्या बाबतीत तर तिच्या माहेरच्यांनी केव्हाच वाटणी करून टाकली होती. नाक आजोबांचे, कपाळ मामाचे, हनुवटी आईची. बापाच्या वाट्याला अवयव म्हणून एक ठेवला नव्हता. मुलगा पाळण्यात होता तेव्हापासून घरात येणारा प्रत्येक जण हा पाढा म्हणून दाखवायचा, आणि म्हणता म्हणता सगळ्यांना तो खरा वाटायला लागला. नोकरी लागल्यावर त्याने मिशी ठेवली तेव्हा मात्र ती तिच्या डोळ्यांत खुपली होती. काढ ती, बरी दिसत नाही, असे ती दोनतीनदा म्हणाली. का बरी दिसत नाही याच्या खोलात ती शिरली नाही.

यंत्राला माहेर नव्हते. त्याने एका दमात सांगून टाकले.

फोटो काढून टाकावा म्हणून तिने खटपट केली, तर यंत्र दुकानाच्या मोठ्या साहेबांची परवानगी मागू लागले. घालायला कुणाची लागली नव्हती, काढायला लागत होती. ती काय सांगून मागावी याचा ती विचार करत होती तेवढ्यात वकीलबाईंची नोटीस आली, आणि निकाल लागेपर्यंत यादीतले काहीही हलवायचे नाही, घालायचेही नाही, असा न्यायालयाचा हुकूम सुटला. मुलाने स्वतःच्या हाताने तिच्या वाटा बंद केल्या होत्या.

वकीलबाईंचे ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर होते. खालची यंत्रे चालू झाली की वरचे टेबल बारीक थरथरायचे. आईने यावे असा मुलाचाच हट्ट होता, आतले माणूस म्हणून.

"कंपनी लेखी माफी मागायला तयार आहे," वकीलबाई म्हणाल्या. "भरपाईही देतील. शाळेच्या बाई तयार आहेत. आजोबांना तर हे लवकर संपायलाच हवंय. आता तुमच्यावर आहे."

"मला नाव पाहिजे," मुलगा म्हणाला. "ज्यानं घातलं त्याचं. बँकेत माझ्या टेबलासमोर येऊन, सगळ्यांदेखत त्यानं नाक घासायला पाहिजे."

वकीलबाईंनी आईकडे पाहिले. "ताई, तुम्ही समजवा जरा. असं चवताळून केस चालत नाही."

"मिटवून टाक रे," आई म्हणाली. "होतात चुका."

मुलाने मान वळवून तिच्याकडे असे पाहिले की वकीलबाईंनी उगाचच समोरचे कागद सारखे केले.

"तू म्हणतेस हे? तू? खालच्या मजल्यावरच्या काकूंशी मी शाळेत असल्यापासून बोलत नाहीस. एका बादलीवरून. मी माफ करू म्हणतेस?"

"बादलीचं वेगळं होतं."

"माझंही वेगळंच आहे."

खालचे यंत्र पुन्हा सुरू झाले. वकीलबाईंनी थरथरणारा पेन उचलून हातात धरला आणि पुढचे सांगितले. प्रत्येकाचा चेहरा ज्या फोटोशी जुळला तो फोटो कंपनीला बुधवारपर्यंत द्यावा लागणार होता. तो कुणी घातला, ते पुढच्या तारखेला.

त्या शनिवारी आईने घंटेची वाट बघणे सोडून दिले आणि स्वतःच्या डोळ्यांनी शोधायला सुरुवात केली. मुलगा अडकला आणि ज्याच्यासाठी हे सगळे मांडले तो मोकळा, याची आग तिच्या डोक्यात पेटली होती. दारावरचे, जिन्यातले, गल्ल्यांवरचे सगळे पडदे ती एकामागून एक पिंजून काढत होती. आणि दुकान उघडून थोडा वेळ झाला असेल नसेल, साबणांच्या फळीसमोर एक माणूस एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाने पोटरी घासत किंमत वाचताना दिसला.

पोटरी घासायची ती तऱ्हा तिला पाठ होती. लग्नानंतरचे पहिले भांडण तिच्यावरूनच झाले होते, पाहुण्यांसमोर तरी नीट उभे राहावे म्हणून.

बाकी त्या माणसात ओळखीचे काही शिल्लक नव्हते. टक्कल पडलेले, गाल ओघळलेले, मिशीचा पत्ता नाही, चष्मा नाकावरून सारखा घसरणारा. टोपलीत एकच साबण, छोटी पावडर, अर्धा पाव. बरोबर कुणी नाही. कॅशवरच्या मुलीने त्याला हसून काहीतरी विचारले, म्हणजे तो नेहमीचाच होता. तिने मागची चित्रणे काढून बघितली, तर दर शनिवारी याच वेळी तो तिच्या नाकाखालून आत येत होता आणि बाहेर जात होता. यंत्राने त्याला ओळखले नव्हते, आणि खरे सांगायचे तर तिनेही नाही.

तिला दया आली नाही, संताप आला. फसवले त्याने पुन्हा. इतकी वर्षे तिने ज्याच्यावर डूख धरला होता तो माणूस हळूच म्हातारा होऊन निसटला होता आणि आपल्या जागी पोराला उभे करून गेला होता. त्याचा आत्ताचा चेहरा पडद्यावर थांबवून तो यादीत घालायला तिने हात पुढे केला, तर पडद्यावर हुकुमाची ओळ आली. न्यायालयाच्या आदेशानुसार यादी बंद. तिने टेबलावर मूठ आपटली आणि चहाचा कप लवंडला.

बुधवारी संध्याकाळी ती ओट्याशी कणीक मळत होती तेव्हा मुलाचा फोन वाजला. वकीलबाईंनी फोटो पाठवला होता. तो त्याने नीट निरखून पाहिला. मग फोन घेऊन तिच्याजवळ आला. आज बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता.

"सापडले बघ, आई. बघ हे. हा मीच आहे. पण असला कोट माझ्याकडे नाही, केस असे नाहीत. बनवाबनवी केलीय यांनी. माझा कुठलातरी फोटो उचलून त्याला काहीबाही जोडलंय. वकीलबाई म्हणतात, हे सिद्ध झालं तर कंपनीचं धाबं दणाणेल. तू फक्त लिहून द्यायचंस की हा माझ्या मुलाचा चेहरा आहे. आईपेक्षा कोण जास्त ओळखणार?"

हाताला कणीक होती म्हणून फोन घ्यावा लागला नाही, हे बरे झाले. हो म्हणून टाकावे, असे तिच्या मनात आले. पुढच्या तारखेपर्यंत तरी निभले असते. ती त्या खुललेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिली आणि जिभेवर आलेले हो पुढे सरकेना.

"तो तू नाहीस," ती म्हणाली.

"मग कोण?"

मुलाने फोटो दोन बोटांनी मोठा केला. आधी नाक, मग कपाळ, मग हनुवटी. त्याचे बोट सावकाश फिरत होते.

"आजोबांचं नाक," तो म्हणाला. "मामाचं कपाळ."

फोन त्याने ओट्यावर पालथा ठेवला.

"हा फोटो कुणाकडे होता?"

"माझ्याकडे. तुझ्यासाठी नव्हता रे तो. त्याला धरायला पाहिजे होतं. चारचौघांत, तुला धरलं तसं."

"मग? धरलं का त्याला?"

"नाही. येतो तो, दर शनिवारी, दुकान उघडलं की. पण यंत्र नाही ओळखत त्याला."

"का?"

"म्हातारा झालाय."

मुलगा हसला. ते हसणे तिला मुळीच आवडले नाही.

"तू सांगायचीस, त्याला माझी आठवणसुद्धा नसेल म्हणून."

परातीत कणकेचा गोळा होऊन गेला होता, तरी ती मळतच होती. खोटे बोलायचे तर आत्ताच, हे तिला कळत होते. पण फोटोचे बाहेर पडल्यावर तिच्यात तेवढे त्राण उरले नव्हते.

"आला होता," ती म्हणाली. "दोनदा. तू शाळेत जायला लागला होतास. मी दार उघडलं नाही. दुसऱ्या वेळी खालच्या काकू वर आल्या, म्हणाल्या, पोराला नुसतं बघू तरी दे त्याला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलत नाही."

"म्हणजे बादली नव्हतीच."

"बादली नंतर झाली."

आरडाओरडा करील, काहीतरी फेकील, अशी तिने मनाची तयारी केली होती. त्याने यातले काही केले नाही. जेवण झाल्यावर स्वतःचे ताट स्वतः घासले, तेही नीट, आणि पालथे घातले.

"वकीलबाईंना काय सांगणार आहेस?" तिने विचारले.

"मी कशाला काय सांगू? पुढच्या तारखेला नाव येणारच आहे."

पुढचे दोन दिवस तो तिच्याशी गरजेपुरते बोलला. चहा झाला का, किल्ली कुठे आहे, एवढेच. मूग गिळून बसायची कला त्याने तिच्याकडूनच घेतली होती, आणि तिची तिच्यावरच चाललेली बघून तिचा जीव कासावीस व्हायचा. मिशी त्याने काढली नव्हती. उलट शनिवारी सकाळी आरशासमोर उभा राहून त्याने ती कंगव्याने नीट बसवली आणि तिच्या आधी घराबाहेर पडला.

ती कामावर पोचली, पडद्यांसमोर बसली, आणि खाली दारे उघडल्यावर लगेच घंटा वाजली.

पडद्यावर मुलगा होता. दारातून आत येताना लोक समोर बघतात. तो वर बघत होता, थेट कॅमेऱ्यात.

"मॅडम, मॅच आलीय," गार्डचा आवाज आला. "तो कोर्टवालाच आहे हो. काय करू? हात लावू नका म्हणून सांगितलंय आम्हाला."

तिने बटणाकडे हात नेला. मुलगा मात्र आपणहून बाजूला झाला आणि गार्डशेजारी, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याला काही घ्यायचे नव्हते, कुठे जायचेही नव्हते. येणारेजाणारे त्याच्याकडे बघत होते, एका बाईने मुलीचा हात घट्ट धरला, आणि तो सगळ्यांना निवांत बघू देत होता. मधूनच मान वर करून तो कॅमेऱ्याकडे पाहायचा. आई बसली आहे ना जागेवर, याची खात्री करून घेतल्यासारखा.

मग तो टकलाचा माणूस आला. दाराने त्याला आत घेतले, घंटा वाजली नाही. गार्डने अडवलेल्या माणसाजवळून सभ्य लोक जातात तसा तो नजर खाली घालून पुढे गेला. टोपली उचलली. आणि हातात टोपली घेऊन तो तसाच थांबला. मग वळला.

दोघे समोरासमोर उभे होते. मुलाने मान खाली घातली नाही. म्हातारा चष्मा वर सारत बघत राहिला, पुन्हा चष्मा घसरला, पुन्हा त्याने तो वर सारला. लोकांना त्यांना वळसा घालून जावे लागत होते.

"मॅडम," गार्ड म्हणाला, "इथे एक काका आहेत. आपले नेहमीचे. ते विचारताहेत, यानं काय केलंय. म्हणताहेत, सोडा याला, मी जबाबदारी घेतो."

जबाबदारी. तिचे रक्त उसळले. वॉकीटॉकीचे बटण तिने असे दाबले की नख मोडले.

"विचार त्यांना, कोण लागतो तो तुमचा?"

पडद्यावर गार्ड म्हाताऱ्याकडे वळला. म्हाताऱ्याचे ओठ हलले, थांबले, परत हलले.

"माहीत नाही म्हणताहेत," गार्ड म्हणाला. "पण सोडा म्हणताहेत."

मुलगा गार्डकडे झुकून काहीतरी बोलला. त्या वेळी त्याने कॅमेऱ्याकडे पाहिले नाही. आता त्याची गरज नव्हती.

"मॅडम," गार्डचा आवाज जरा गोंधळला होता. दारात आता दहाबारा माणसे थबकली होती. "हा म्हणतोय, तुमच्या मॅडमना माहीत आहे, त्यांना विचारा. मोठ्यानं सांगायला सांगा म्हणतोय. कोण लागतात हे याचे?"

तिने बटणावर बोट ठेवले आणि तसेच राहू दिले. गार्डने वॉकीटॉकी सगळ्यांना ऐकू जाईल असा हातात वर धरला होता.

"वडील," ती म्हणाली.

पडद्याला आवाज नव्हता. शब्द खाली पोचला ते तिला दोघांच्या माना वळल्या त्यावरून कळले.